डोक्यावरचा मजकूर: सातारा-सांगलीतल्या महामार्ग फलकांची समीक्षा

समीक्षा म्हटलं की पुस्तक, नाटक, फार तर चित्रपट डोळ्यासमोर येतो. आज आम्ही ज्या मजकुराची समीक्षा करणार आहोत, तो लोखंडी कमानीवर टांगलेला असतो, हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत असतो, आणि त्याचा वाचक त्याच्याखालून भरधाव निघून जातो. पुणे-बंगळूर महामार्ग नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो आणि सांगली जिल्ह्यातून वारणा ओलांडून कोल्हापूरकडे जातो. या दोन नद्यांमधल्या रस्त्यावर डोक्यावर जे लिहिलेलं आहे, तेवढंच आजचं आपलं पुस्तक.

तुम्ही म्हणाल, पाटीची कसली समीक्षा? बाण दाखवला, गावाचं नाव लिहिलं, संपलं. पण लेखन म्हटलं की वाचक आला. फलकाचा वाचक कोण, या प्रश्नापासून सुरुवात केली तर बाकीचे दोष आपोआप दिसू लागतात. कराडचा माणूस कराडला येताना वर बघत नाही. त्याला उसाचं वावर, मंदिराचं शिखर, पेट्रोल पंप एवढ्यावरून कळतं की आता डावीकडे घ्यायचं. फलक लागतो तो परक्या माणसाला. आमचं म्हणणं एका वाक्यात एवढंच आहे: फलक परक्या माणसासाठी लिहायचा असतो, आणि आपले बरेच फलक वाट ठाऊक असलेल्याने वाट ठाऊक असलेल्यांसाठी लिहिल्यासारखे आहेत.

आधी थोडं गणित करू. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर अंतर कापते. फलकावरची अक्षरं १५० मीटरवरून वाचता येतात असं धरलं, तर वाचायला मिळाले ६ सेकंद. त्यातलेही शेवटचे एक-दोन सेकंद हातचे जातात, कारण फलक जवळ आला की नजरेच्या वर जातो. उरलेल्या चार-पाच सेकंदांत चालकाने पुढचा ट्रक सांभाळायचा, आरशात बघायचं, दोन लिप्यांमधून आपली लिपी शोधायची, चार गावांतून आपलं गाव शोधायचं आणि कुठला बाण कुठल्या नावाचा हे ठरवायचं. अमेरिकेच्या नियमावलीत मार्गदर्शक फलकावर गावांच्या तीनपेक्षा जास्त ओळी नसाव्यात असा दंडक आहे. तो काही सौंदर्यासाठी केलेला नाही. माणसाचा डोळा तेवढंच घेऊ शकतो म्हणून केला आहे.

आणि वाचता आलं नाही तर? तर माणूस ब्रेक मारतो. वळण चुकलं की कडेला थांबतो, आणि काही महाभाग महामार्गावर गाडी मागे घेतात. गळीत हंगामात याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात, त्यातल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. अशा रस्त्यावर एका सेकंदाच्या घोटाळ्याची किंमत काय, हे या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता मजकुराकडे वळू. पहिला प्रश्न, कुठलं नाव लिहायचं? सांगलीचंच उदाहरण घ्या. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं हे शहर या महामार्गावर नाही. पुण्याकडून येणाऱ्याला पेठ नाक्यावर महामार्ग सोडावा लागतो. तिथे डावीकडचा रस्ता सांगलीला जातो, उजवीकडचा शिराळ्याला. इथल्या माणसाला ‘पेठ नाका’ म्हटलं की सगळं कळतं. परक्याला ‘पेठ’ म्हणजे काय? पुण्याच्या माणसाला ती सदाशिव किंवा नारायण वाटेल, नाशिकच्या माणसाला त्याच्या जिल्ह्यातला तालुका आठवेल. म्हणून ‘सांगली’ हे नाव नाक्याच्या तोंडावर लिहून भागत नाही. ते बरंच आधीपासून, दर फलकावर त्याच क्रमाने, उरलेल्या अंतरासह येत राहिलं पाहिजे. एका फलकावर आलेलं नाव पुढच्या फलकावर गायब झालं, की वाचकाला वाटतं आपण वळण मागे टाकलं.

सांगलीबरोबर मिरजही आलं. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची १९९८ पासून एकच महानगरपालिका आहे, त्यामुळे कागदावर ‘सांगली’ लिहिलं की काम झालं असं वाटू शकतं. पण रस्त्यावरचा वाचक महानगरपालिकेत जात नसतो. मिरज हे शंभर वर्षांहून अधिक काळ दवाखान्यांचं गाव आहे. डॉ. वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मिशन रुग्णालय उभारलं, तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून लोक रोगी घेऊन मिरजेला येतात. रात्री, पावसात, मागच्या सीटवर आजारी माणूस, आणि चालवणारा या रस्त्यावर पहिल्यांदाच आलेला. या वाचकासाठी फलकावर ‘मिरज’ हा शब्द असणं आणि नसणं यात फरक आहे. कुठलं नाव लिहायचं हा प्रश्न अखेर कोण कशासाठी येतंय याचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न, नाव एकच आणि गावं अनेक. पुण्याकडून साताऱ्याला येताना ‘खंडाळा’ वाचून लोणावळ्याजवळचा खंडाळा आठवणारे प्रवासी आहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही. औंध साताऱ्यातही आहे आणि पुण्यातही. कराडला लागून मलकापूर आहे, शाहूवाडीतही मलकापूर आहे आणि बुलढाण्यातही. वाठारची तर गंमतच बघा. एक वाठार कराड तालुक्यात याच महामार्गावर, दुसरं वारणेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात, तेही याच महामार्गावर. शिवाय वाठार स्टेशन आहे, वाठार किरोली आहे, वाठार निंबाळकर आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या लोकांनी हा घोटाळा कधीच सोडवून ठेवला होता. बुद्रुक, खुर्द, तर्फ अमुक, स्टेशन, निंबाळकर ही जोडनावं त्यासाठीच आली. रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द यांत कोणाचा गोंधळ होत नाही. पोस्टाच्या पत्त्यात तालुका आणि जिल्हा त्यासाठीच लिहितात. फलकावर मात्र जागा वाचवायची म्हणून नेमका हाच शब्द कापला जातो. म्हणजे ज्या शब्दात माहिती होती तो गेला, आणि ज्यात संदिग्धता होती तो राहिला. संपादकाने केलेली ही वाईट काटछाट आहे.

तिसरा प्रश्न लेखनाचा. १९६२ साली राज्य शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा असं स्पष्ट सांगितलं आहे. तरी ‘कोल्हापुर’ आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हे हिंदी वळणाचं लेखन आहे. ज्या वाईत मराठी विश्वकोशाचं संपादन होतं, त्या वाईच्या फाट्यावरून जाणाऱ्या रस्त्यावर मराठी गावाचं नाव मराठीत नीट लिहिलेलं असावं, ही अपेक्षा फार मोठी नाही. काही चुकांवरून मजकूर कुठून कुठे आला हेही ओळखता येतं. जतचं इंग्रजी स्पेलिंग एच लावून करतात. ते इंग्रजीतून पुन्हा देवनागरीत आणलं तर ‘जठ’ होतं. कराडचं इंग्रजी स्पेलिंग वाचून परका माणूस ‘कराद’ लिहील. इंग्रजीला आपला ‘ड’ आणि ‘द’ वेगळा दाखवता येत नाही, यात इंग्रजीचा दोष नाही. मराठी नाव इंग्रजीच्या दारातून आत आणणाऱ्याचा दोष आहे. गावाचं नाव ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बरोबर लिहिलेलं असतं, तिथून घ्यावं.

लेखनाच्या पुढे लिपी. ब्रिटनमध्ये १९५८ साली पहिला मोटरवे, प्रेस्टन बायपास, सुरू झाला, तेव्हा जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी वेगात वाचण्यासाठी वेगळी अक्षरं घडवली. सगळी कॅपिटल अक्षरं वापरायची जुनी पद्धत सोडून त्यांनी लहान-मोठी अक्षरं मिसळली, कारण त्यामुळे प्रत्येक गावाच्या नावाला स्वतःचा आकार मिळतो. देवनागरीचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याला वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते. इंग्रजी आणि मराठी ओळींना सारखीच उंची दिली, तर मराठी अक्षराचं मूळ अंग लहान होतं. आकडा सारखा दिसतो, न्याय सारखा होत नाही. त्यात शिरोरेषा जाड केली की लांबून एक पांढरी पट्टी दिसते आणि तिला लोंबणारं काहीतरी. ‘सांगली’वरचा अनुस्वार त्या पट्टीत मिसळून जातो. ब आणि व, थ आणि य, ध आणि घ, भ आणि म यांतला फरक एका बारक्या रेघेवर किंवा गाठीवर उभा आहे. पुस्तकात तो पुरतो, १५० मीटरवर पुरत नाही. म्हणून आमची मागणी अशी, की मराठी ओळ इंग्रजीपेक्षा उंच असावी, शिरोरेषा थोडी बारीक असावी आणि अनुस्वार तिच्यापासून सुटा, ठळक असावा.

चौथा प्रश्न क्रमांकांचा. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० साली बदलले. आपल्या रस्त्याचा जुना क्रमांक ४, नवा ४८. आशियाई महामार्गांच्या जाळ्यात याच रस्त्याला ४७ क्रमांक आहे. म्हणजे रस्ता एक, कागदावर ४७ आणि ४८, आणि लोकांच्या तोंडी अजून ‘एनएच फोर’. गंमत अशी की आजच्या यादीतला ४ क्रमांकाचा महामार्ग अंदमानात आहे! गुहागर, चिपळूण, कराड, जत, विजापूर या रस्त्याला १६६-ई म्हणतात. ‘ई’ म्हणजे काय, हे चालकाला कोणी सांगितलेलं नाही. क्रमांकाला आमचा विरोध नाही, तो चांगला असतो. पण तो लोकांच्या बोलण्यात रुजेपर्यंत त्याच्याबरोबर रस्त्याची दोन टोकं लिहा. ‘पुणे-बंगळूर’ म्हटलं की दिशा कळते. आणि तेही एकाच रूपात लिहा. बंगळूर, बेंगळुरू, बेंगलोर ही तीन गावं नाहीत.

पाचवा प्रश्न इशाऱ्याच्या भाषेचा. ‘वाहन सावकाश हाका’ ही पाटी आपल्या परिचयाची. हाकणे हे क्रियापद बैलगाडीचं, पण वाक्य चांगलं आहे, कारण तीन शब्दांत काय करायचं ते सांगतं. आता ‘अपघातप्रवण क्षेत्र’ घ्या. शब्द शुद्ध आहे, लांब आहे, आणि चालकाने काय करावं हे त्यात कुठेच नाही. खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडल्यावर जे इंग्रजी एसच्या आकाराचं वळण होतं, त्या भागात २०१८च्या एप्रिलमध्ये विजापूरकडच्या मजुरांचा टेम्पो उलटून बरेच जीव गेले. फलकामुळे तो अपघात झाला असं आम्ही म्हणत नाही. पण अशा जागी वाचणारा कन्नड बोलणारा असू शकतो, बीडचा ऊसतोड कामगार असू शकतो, शाळेत न गेलेलाही असू शकतो. त्याला ‘अपघातप्रवण’ कळणार नाही. वळणाचं मोठं चित्र आणि खाली ‘वेग ४०’ कळेल.

आणि शेवटी या मजकुराच्या शेजाऱ्यांबद्दल. आपल्याकडे रस्त्यावर आडवी उभी राहणारी दुसरी गोष्ट म्हणजे स्वागत कमान, आणि तिसरी म्हणजे फ्लेक्स. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची अक्षरं बघा, लांबून वाचता येतात, चेहराही ओळखू येतो. म्हणजे मोठं, ठळक, वाचनीय मराठी अक्षर काढणारे कारागीर आपल्या तालुक्या-तालुक्यांत आहेत. फक्त ते कौशल्य शुभेच्छांसाठी राखून ठेवलं आहे. आणि तोच फ्लेक्स दिशाफलकाच्या खांबाला बांधला की नेत्याचं नाव दिसतं, गावाचं झाकलं जातं.

न्यायाने सांगायचं तर पूर्वीपेक्षा फलक सुधारलेत. रात्री दिव्याच्या उजेडात चमकणारे पत्रे आले, कमानी आल्या. सध्या सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या निमित्ताने पूल, सेवा रस्ते आणि वळणं नव्याने आखली जात आहेत. म्हणजे फलकही नव्याने लिहिले जाणार. वेळ हीच आहे. साताऱ्यात शिरायला वाढे फाटा आहे, बॉम्बे रेस्टॉरंट चौक आहे, आणखीही वाटा आहेत. प्रत्येक वाटेवर नुसतं ‘सातारा’ लिहिण्याऐवजी फाट्याचं नाव आणि बाहेर पडण्याच्या वाटेचा क्रमांक लिहा. फोनवर आपण पाहुण्याला वाट सांगतो तीच नावं वर दिसू देत.

आणि फलक लावण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. नांदेडचा किंवा चंद्रपूरचा, इकडे कधी न आलेला एक चालक बोलवा. त्याच्या हातात मोबाइलचा नकाशा देऊ नका. नीरेच्या पुलावर गाडी त्याच्या ताब्यात द्या आणि सांगा, मिरजेच्या दवाखान्यात जायचं आहे. शेजारी वही घेऊन एक अभियंता बसू दे. तो चालक जिथे जिथे वेग कमी करून वर बघेल, तिथे तिथे आपला मजकूर नापास झाला असं समजा, आणि तेवढे फलक पुन्हा लिहा. इथे आम्ही थांबतो.