शंभरातली ६३ मुलं बरी राहिली, पण कोणती शंभर?

मागच्या दिवाळीत दौंडला घरी गेले होते. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या मुलीला जेआयए आहे. सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा आणि किमान सहा आठवडे टिकणारा हा सांध्यांच्या दाहाचा आजार. दर पंधरा दिवसांनी अ‍ॅडालिमुमॅबची सुई. दीड वर्ष झालं, एकही सांधा सुजलेला नाही. वहिनींनी विचारलं, "तू संशोधन करतेस ना? मग सांग, पोरगी एवढी छान आहे तर सुई बंद नाही का करता येणार?"

मी तोऱ्यात सांगून मोकळी झाले, "एका अभ्यासात सुई बंद केल्यावर शंभरातली ६३ मुलं आठ महिने चांगली राहिली."

परत येताना डेमूत तो पेपर पुन्हा काढला आणि लाज वाटली. आकडा बरोबर होता, माझं उत्तर चूक होतं. का, ते आज बघू. संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांना ही चूक कधी ना कधी होतेच.

पेपर काय म्हणतो?

डेव्हिड लोवेल आणि सहकाऱ्यांचा हा अमेरिकेतला अभ्यास २०१८ मध्ये आला. आजार पूर्ण शांत असलेली १३७ मुलं घेतली. आधी सहा महिने टीएनएफ-रोधी औषध चालूच ठेवलं. या काळातही ज्यांचा आजार शांत राहिला, त्यांचं औषध थांबवलं. अशी १०६ मुलं विश्लेषणात आली. आठ महिन्यांत ३९ जणांचा आजार पुन्हा उफाळला, म्हणजे ३७ टक्के.

चांगली बाजू आधी सांगते. 'आजार शांत' याची व्याख्या कडक होती आणि मुलांना ठरलेल्या वेळी तपासलं जात होतं. जुन्या केसपेपरांवरून काढलेल्या निष्कर्षांपेक्षा हे कितीतरी भक्कम काम आहे. माझी तक्रार पेपरवर कमी आणि तो ज्या पद्धतीने सांगितला जातो त्यावर जास्त आहे.

पहिला मुद्दा: छेद

३७ टक्के हे १०६ पैकी आहेत. १३७ मधली ३१ मुलं त्या छेदात नाहीत. उरलेली ६७ मुलं शेवटपर्यंत नीट राहिली असं धरलं, तरी सुरुवातीच्या १३७ पैकी ती ४९ टक्केच होतात. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. ६३ हा आकडा 'कडक तपासणीत आणखी सहा महिने टिकलेल्या' मुलांचा. वहिनींचा प्रश्न होता 'आज बरी दिसणाऱ्या' मुलीचा.

दुसरा मुद्दा: तुलना कुणाशी?

या अभ्यासात औषध चालू ठेवलेला तुलना-गट नाही. औषध घेत राहिलेल्यांपैकी किती जणांचा आजार उफाळला असता, हे त्यातून कळत नाही. इथे अ‍ॅडजस्ट ही चाचणी उपयोगी पडते. जेआयएसोबत डोळ्यातला दाह असलेली ८७ मुलं-तरुण, चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत वाटलेली. एका गटाला अ‍ॅडालिमुमॅब, दुसऱ्याला प्लॅसिबो. डोळ्यांचा किंवा सांध्यांचा दाह परत आला तो पहिल्या गटात १४ टक्के, दुसऱ्यात ६८ टक्के. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. इतर औषधं, वय आणि आजाराचा प्रकार वेगळा असल्याने हे ६८ त्या ३७ शेजारी ठेवू नका. पण एकाच चाचणीतले १४ आणि ६८ शेजारी ठेवता येतात. तुलना-गट असण्याचा फायदा तो हाच.

तिसरा मुद्दा: 'कमी करणं' की 'बंद करणं'?

वरच्या दोन्ही अभ्यासांत औषध थांबवलं होतं. डोस हळूहळू कमी करणं किंवा दोन सुयांमधलं अंतर वाढवणं हा वेगळा प्रयोग आहे. तरीही 'बायोलॉजिक कमी करता येतं' या वाक्यापुढे असे संदर्भ सर्रास जोडलेले दिसतात. संदर्भ देताना शीर्षकातलं क्रियापद तपासा.

आणि दौंड?

दौंडच्या पुढे सोलापूर लाइनवर भिगवण आहे. तिथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघरी जाऊन ४,०९२ प्रौढांचं संधिवात-सर्वेक्षण केलं. तिथे छेद गावाचा होता, दवाखान्यात पोहोचलेल्यांचा नव्हता. त्यांच्याच पुण्यातल्या केंद्राच्या २०१० च्या पेपरमध्ये मुलांच्या सांधेदाहात एन्थेसायटिसशी निगडित प्रकार, म्हणजे स्नायुबंध हाडाला जिथे जोडतात तिथे दाह होणारा, ठळकपणे दिसतो. लोवेल यांच्या अभ्यासात हा प्रकार घेतलेलाच नव्हता. आपल्याकडचं मूल त्या १०६ मध्ये बसतं का, हा प्रश्न म्हणून आधी विचारायचा.

मग मी वहिनींना फोन केला. म्हटलं, "माझं चुकलं. आधी सांगा, तिला नेमका कुठला प्रकार आहे? डोळे शेवटचे कधी तपासले?" कारण हा डोळ्याचा दाह न दुखता, न लाल होता वाढू शकतो. तो डोळ्यांच्या डॉक्टरांच्या स्लिट-लॅम्पवरच दिसतो.

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? पैशाची ओढाताण असते तेव्हा आम्ही सुई तीन आठवड्यांनी देतो. डॉक्टरांना नाही सांगितलं. रागावतील."

म्हणजे औषध कमी करणं दौंडमध्ये आधीच चालू होतं, फक्त त्याची नोंद कुठेच नव्हती. डॉक्टरांच्या कागदावर ती 'पंधरा दिवसांच्या डोसवर शांत' होती. चाचणीत डोस कमी होतो तेव्हा पुढची तपासणी ठरलेली असते, आजार उफाळला तर औषध पुन्हा मिळतं. इथे डोस कमी झाला होता आणि बघणारं कुणी नव्हतं.

मी वहिनींना एवढंच म्हटलं, की स्वतःहून काही थांबवू नका आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना तारखांसकट सगळं सांगा. त्यांनी कॅलेंडरवर सुयांच्या तारखांना गोल करायला सुरुवात केली आहे. पुढच्या महिन्यात पुण्याला येताना ते कॅलेंडर सोबत आणणार आहेत.