निवड तुमची!

शिकागोजवळ नेपरव्हिलला मुलाकडे मुक्काम असताना एका मेक्सिकन उपाहारगृहांच्या साखळीतले जेवण मी तीनदा जेवलो. एकदा जेवून मत ठोकून देण्याइतका मी मुरलेला टीकाकार नाही. साखळीचे नाव सांगत नाही.

पद्धत अशी: काचेआड भात, काळा घेवडा, कोंबडी, मका, टोमॅटोची साल्सा अशी भांडी ओळीने मांडलेली असतात. आपण बोट दाखवीत पुढे सरकायचे, पलीकडची मुलगी डाव-डाव वाढीत सरकते. 'आणखी काय?' एवढेच तिचे संभाषण. ग्वाकामोलीपाशी मात्र ती थबकते आणि जादा पैसे पडतील हे बजावते. शेवटी सगळा ऐवज मैद्याच्या मोठ्या पोळीत घट्ट गुंडाळून, दुपट्यातल्या तान्ह्या मुलासारखा हातात येतो.

पहिल्या दिवशी भात कणीदार राहिलेला. दुसऱ्या दिवशी फोनवरून मागवलेल्या वाडग्यात एका अंगाला सगळी आंबट साय, दुसऱ्या अंगाला सगळा घेवडा. त्यांची भेट माझ्या पोटातच झाली असावी. तिसऱ्या दिवशी कोंबडी गार आणि लेट्यूसची पाने कोमट. मी कुरकुरलो, तसा मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच तर निवडलंत!"

माझी तक्रार नेमकी हीच आहे. निवड गिऱ्हाइकाची, म्हणून दोषही गिऱ्हाइकाचा! 'याच्याबरोबर ते नको' असे म्हणणारा स्वयंपाकी त्या काचेआड कोणी नाहीच. आपल्या पानात लिंबू कुठे, चटणी किती, हे वाढणारीने ठरवलेले असते. मग मीठ कमी पडले तर बोल लावायला निदान माणूस तरी असतो.

'हे अस्सल नाही' असे मी म्हणत नाही. मैद्याची पोळी उत्तर मेक्सिकोची स्वतःचीच आहे. वाईट वाटते ते ज्याच्या नावावर हे खपते त्या स्वयंपाकासाठी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेली मिरची मूळची तिकडची. टोमॅटो हे नावही तिथल्या नाहुआट्ल भाषेतले. चुना आपण पानाला लावतो, ते मक्याला लावतात: चुन्याच्या पाण्यात दाणे शिजवून रात्रभर ठेवायचे, धुवायचे आणि पाट्यासारख्या दगडावर वाटायचे. ही युक्ती न घेता युरोपातल्या गरिबांनी नुसता मका खाल्ला आणि पेलाग्रा रोग ओढवून घेतला. २०१० साली युनेस्कोने या पाकपरंपरेला मानवतेचा वारसा म्हटले, ते उगीच नव्हे.

निघण्याआधी शिकागोच्या पिल्सन भागात, मेक्सिकन वस्तीतल्या एका लहानशा दुकानात गेलो. सवयीने मी टाकोवर घालायला तीन-चार भांड्यांकडे बोट दाखवले. काउंटरमागच्या बाईंनी मान हलवली, कांदा-कोथिंबीर भुरभुरली आणि लिंबाची फोड पुढे केली.

मीठ अगदी बेताचे होते.