क्लेशाचा आस्वाद : ‘रेन वर्ल्ड’ या खेळाचा विचार

१

दुःखद कलाकृतीपासून आनंद का व्हावा, हा प्रश्न मराठी साहित्यविचाराला नवा नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली आणि पुढे अनेक टीकाकारांनी तिचे मंडन वा खंडन केले. त्यांची मते परस्परांहून कितीही भिन्न असली, तरी एक गोष्ट बहुतेक सर्वांनी गृहीत धरलेली आढळते. ती म्हणजे दुःख पात्राचे असते, आस्वादकाचे नसते. सीतात्यागाचा प्रसंग रंगभूमीवर घडतो. प्रेक्षकाच्या संसाराला त्याची झळ पोचत नाही. हे अंतर असल्यामुळेच दुःखाचा आस्वाद शक्य होतो, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

व्हिडिओ गेम या कलाप्रकाराने नेमके हेच गृहीत डळमळीत केले आहे. खेळणाऱ्याच्या चुकीने पडद्यावरील प्राणी दरीत कोसळतो तेव्हा पडणे प्राण्याचे असले, तरी फसणे खेळणाऱ्याचे असते. त्याचा संताप, त्याचे वाया गेलेले तास, त्याचे हिरमुसणे ही काल्पनिक नसतात. असे असूनही मुद्दाम दुष्कर रचलेल्या खेळांकडे असंख्य लोक ओढीने जातात आणि त्यांच्याविषयी कृतज्ञतेने बोलतात. हा विरोध डेन्मार्कचे अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ या ग्रंथात सविस्तर मांडला आहे. त्यांच्या मते अपयश हे खेळणाऱ्याला त्याच्यातील उणिवेची जाणीव करून देते आणि खेळ ती उणीव भरून काढण्याचा मार्गही दाखवितो. क्लेश ही जणू कौशल्याची किंमत होय.

ही उपपत्ती पुष्कळ खेळांना लागू पडते. तथापि ‘रेन वर्ल्ड’ या खेळापाशी ती अपुरी ठरते. आणि ती का अपुरी ठरते हे पाहू गेल्यास क्लेशाच्या आस्वादाविषयी काही अधिक हाती लागते.

२

‘रेन वर्ल्ड’ हा खेळ २८ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाला. योआर याकॉब्सन आणि जेम्स थेरियन हे ‘व्हिडिओकल्ट’ या छोट्या निर्मितिसंस्थेचे दोघे प्रमुख त्याचे कर्ते होत. कठडे, खांब व नळ यांवरून उड्या मारीत आणि चढत पुढे जावयाचे, अशा रचनेच्या खेळांना प्लॅटफॉर्मर म्हणतात. त्या रचनेला येथे जगून राहण्याच्या धडपडीची जोड दिलेली आहे. खेळणाऱ्याच्या स्वाधीन असलेला प्राणी म्हणजे स्लगकॅट, मांजर आणि बिनशंखाची गोगलगाय यांच्या मिश्रणातून कल्पिलेला एक लहानसा जीव. तो आपल्या कुटुंबापासून ताटातूट होऊन एका अवाढव्य, भग्न, यंत्रमय प्रदेशात येऊन पडतो. त्याने पाकोळीसारखे लहान जीव व फळे खाऊन पोट भरावयाचे आणि पाऊस कोसळण्यापूर्वी निवारा गाठून झोपावयाचे, एवढाच त्याचा नित्यक्रम. पाऊस येथे जीवनदायी नाही. उघड्यावर सापडलेल्याला तो चिरडून टाकतो. एका पावसापासून दुसऱ्या पावसापर्यंतचा काळ म्हणजे एक आवर्तन. आणि कोणतेही आवर्तन दुसऱ्याइतकेच लांब असेल याची शाश्वती नसते.

पोटभर खाऊन झोपल्यास ‘कर्म’ नावाच्या चिन्हाची पायरी एकाने चढते. मृत्यू आल्यास ती एकाने उतरते आणि मागील निवाऱ्यातून पुन्हा आरंभ करावा लागतो. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेणारी द्वारे विशिष्ट पायरी गाठल्यावाचून उघडत नाहीत. म्हणजे वारंवार मरणाऱ्याची वाटच खुंटते. याखेरीज आरंभी मार्ग सुचविणारा एक चिमुकला यांत्रिक जीव सोडला, तर खेळ फारसे काही समजावून सांगत नाही. कोणता सरडा भिंत चढू शकतो, कोणता पार्श्वभूमीचा रंग धारण करून दबा धरतो, आकाशातून झडप घालणारे गिधाड कोठवर पोचते, हे सारे मरूनच शिकावे लागते.

३

या खेळाच्या दुष्करतेचे स्वरूप नीट कळण्यासाठी दुसऱ्या एका कठीण खेळाशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. ‘सेलेस्ट’ हा २०१८ मधील खेळ एका तरुणीच्या पर्वतारोहणाचा आहे. त्यातही खेळणारा शेकडो वेळा मरतो. पण तेथील प्रत्येक काटा, प्रत्येक कडा त्या तरुणीच्या उडीचे माप घेऊन बसविलेला असतो. मृत्यूनंतर क्षणार्धात त्याच ठिकाणाहून पुन्हा प्रयत्न करता येतो. अडथळा तसूभरही बदललेला नसतो. तेथील पर्वत हा कठोर पण न्यायी गुरू होय. त्याचे सारे लक्ष शिष्याकडे असते आणि पुरेशा अभ्यासाला तो यश नाकारीत नाही. यूल यांची उपपत्ती येथे तंतोतंत जुळते.

‘रेन वर्ल्ड’मधील सृष्टी अशी कोणाचीही गुरू नाही. तेथील प्राणी खेळणाऱ्याच्या परीक्षेसाठी नेमलेले पहारेकरी नव्हेत. त्यांना स्वतःची भूक, स्वतःची भीती आणि स्वतःचा बिळाकडे परतण्याचा मार्ग असतो. पडद्याबाहेर, खेळणाऱ्याच्या नजरेआडही, त्यांचे हिंडणेफिरणे चालूच राहते. भक्ष्यावरून सरडे एकमेकांवर तुटून पडतात. पाऊस जवळ आला की शिकारीही शिकार सोडून आश्रयाला धावतो. त्यांच्या हालचाली आधी रेखाटून ठेवलेल्या चित्रांच्या मालिकेने नव्हे, तर त्या त्या क्षणी वजन, ओढ व आधार यांच्या गणिताने घडतात. त्यामुळे कोणताही सरडा दुसऱ्यांदा अगदी पूर्वीसारखा धावत नाही. परिणामी काल ज्या वाटेने सुखरूप जाता आले, तीच वाट आज मृत्यूच्या जबड्यात नेते आणि उद्या ती रिकामी असते. येथे पाठांतर निरुपयोगी ठरते. कौशल्य वाढले तरी न्यायाची हमी मिळत नाही.

या कल्पनेचे बीज याकॉब्सन यांनी स्वतः सांगितले आहे. दक्षिण कोरियातील सोल शहरी विद्यार्थी म्हणून राहत असताना त्यांना जाणवलेले परकेपण तिच्या मुळाशी आहे. मॅनहॅटनमधील उंदराचे उदाहरणही त्यांनी दिले आहे. भुयारी रेल्वेत अन्न कोठे मिळते, लपावे कोठे, हे तो उंदीर जाणतो. पण ती रेल्वे कशासाठी बांधली हे त्याला कधीच कळत नाही. ‘रेन वर्ल्ड’चा खेळणारा याच भूमिकेत असतो. जग त्याच्याविरुद्ध नाही. जग त्याच्याविषयी नाहीच.

४

अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. आपल्याच सुखदुःखाने ग्रासलेल्या माणसाला समोरच्या रसाचा आस्वाद घेता येत नाही. वर मांडलेला प्रश्न या परिभाषेत असा मांडता येईल : ज्या कलाप्रकारात क्लेश खेळणाऱ्याचा स्वतःचाच असतो, तेथे हे विघ्न टळावे कसे?

‘सेलेस्ट’सारखे खेळ ते टाळीत नाहीत, त्याचा उपयोग करून घेतात. निजदुःखाचे ते निजविजयात रूपांतर करतात. त्या आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तो मुख्यतः स्वतःविषयीचा आनंद असतो. ‘रेन वर्ल्ड’ निराळ्या मार्गाने जातो. प्रारंभी खेळणारा चिडतो, कारण सरड्याचा घाव त्याला आपल्यावरचा अन्याय वाटतो. काही आवर्तनांनंतर त्याच्या ध्यानात येते, की सरड्याला केवळ भूक लागली होती. आणि स्लगकॅटने मघाशी ज्या पाकोळ्या गिळल्या, त्यांच्या दृष्टीने तोही सरडाच होता. या जाणिवेबरोबर रागाचा आधारच सुटतो. ज्या जगाने आपल्याला उद्देशून काही केलेच नाही, त्याच्यावर रुसावे कसे? अपयश ही आपल्या योग्यतेविषयीची निवाड्याची भाषा राहत नाही. ती घडलेली एक घटना होते. मग लक्ष स्वतःवरून सुटून बाहेर जाते. दोन सरडे झुंजत असताना कोपऱ्यात दडून ती झुंज पाहत राहणे, हा या खेळातील उत्कट अनुभवांपैकी एक आहे. आणि त्यात जिंकण्यासारखे काही नसते. साधारणीकरण येथे सहानुभूतीच्या नव्हे, तर उदासीनतेच्या द्वारे घडते. सृष्टीची उदासीनता खेळणाऱ्याला त्याच्या निजदुःखापासून अलग करते. या खेळाच्या आकर्षणाचे मर्म येथे आहे.

याच सूत्राचा परिपाक ‘लुक्स टु द मून’ या पात्राच्या भेटीत दिसतो. हे एक प्रचंड विचारयंत्र असून ते कोसळून पाण्यात अर्धवट बुडाले आहे. त्याच्या स्मृतीचे मोजके कण त्याच्याभोवती तरंगत असतात. ते कण गिळता येतात, आणि सदैव भुकेल्या प्राण्याच्या भूमिकेत मुरलेला खेळणारा नकळत ते गिळूनही टाकतो. प्रत्येक कणाबरोबर त्या यंत्राचे काही ना काही नष्ट होते. शेवटचा कण गेला की तेही संपते. खेळ त्यावर भाष्य करीत नाही. आजवर जो दुसऱ्याच्या भुकेचा बळी होता, त्याच्या हातून येथे भुकेचा अपराध घडू शकतो, एवढेच तो दाखवितो.

५

खेळाची कथा या अनुभवाला तात्त्विक बैठक देते. या भूमीतील प्राचीन लोक जन्ममरणाच्या आवर्तनातून सुटू पाहत होते. सर्व जीवांच्या सुटकेचा उपाय शोधण्यासाठी त्यांनी ही महायंत्रे बांधली आणि ते स्वतः निघून गेले. यंत्रे गणित करीतच राहिली. त्यांना लागणारे अफाट पाणी वाफ होऊन वर गेले आणि संहारक पाऊस होऊन खाली आले. मुक्तीच्या शोधाचा उच्छ्वासच तळाच्या जीवांचा काळ ठरला, या कल्पनेतील उपरोध मोठा भेदक आहे. प्राचीनांनी मानलेल्या मूलभूत बंधनांत हिंसेबरोबर स्वसंरक्षणाचीही गणना होते. जो खेळ प्रत्येक क्षणी केवळ तगून राहण्याची सक्ती करतो, तोच तगण्याची इच्छा हे अखेरचे बंधन आहे असे सुचवून संपतो.

तथापि ‘कर्म’ या शब्दाच्या उपयोगाविषयी भारतीय वाचकाला थोडा संकोच वाटल्यास तो अस्थानी नाही. भारतीय विचारातील कर्म हेतू व कृती यांच्याशी बांधलेले आहे. खेळातील कर्माची पायरी मात्र पोट भरून झोपल्याने चढते आणि मेल्याने उतरते. कोणाला मारले, कोणाला वाचविले याचा तिच्याशी संबंध नाही. तिला कर्म म्हणण्यापेक्षा तग म्हणणे अधिक यथार्थ झाले असते. शब्द आणि व्यवहार यांतील ही विसंगती कथेच्या गांभीर्याला काहीशी बाधक ठरते.

६

आता दोन आक्षेपांचा विचार करावयास हवा. पहिला असा, की वरील विवेचन टिकून राहिलेल्यांचे आहे. जे कंटाळून निघून गेले त्यांना या उदासीनतेतून कोणते ज्ञान मिळाले? हा आक्षेप बळकट आहे. २०१७ साली समीक्षकांत या खेळाविषयी तीव्र मतभेद झाले. सृष्टीच्या सौंदर्याची वाखाणणी करणाऱ्यांनीही पुनःपुन्हा कराव्या लागणाऱ्या वाटचालीचा त्रास नोंदविला. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. सृष्टीने निर्माण केलेली अडचण आणि मांडणीने निर्माण केलेली अडचण यांत भेद केला पाहिजे. सरडा कोठे असेल हे न कळणे ही सृष्टीची अडचण होय. पण दृश्य स्थिर चौकटींत तोडलेले असल्यामुळे एका चौकटीतून दुसरीत उडी घेताच अदृश्य शत्रूच्या तोंडी पडणे, ही मांडणीची अडचण होय. पहिलीतून अर्थ निघतो. दुसरीतून केवळ वैताग. उदासीनतेच्या नावाखाली दुसरीचेही समर्थन करणे हे टीकाकाराचे औदार्य होईल, विवेक नव्हे.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. मूळ खेळात पुढे सौम्य वाटही आली. ‘मंक’ या पात्राची निवड केल्यास अन्न कमी लागते आणि एकदा उघडलेली द्वारे उघडीच राहतात. जानेवारी २०२३ मध्ये ‘डाउनपोर’ या विस्ताराबरोबर ‘रीमिक्स’ नावाने अनेक सवलती सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाल्या. क्लेश हेच जर या खेळाचे सत्त्व असेल, तर सवलतींनी ते नष्ट होत नाही काय? याचे उत्तर वरील विवेचनातच आहे. या खेळाचे सत्त्व क्लेशात नसून उदासीनतेत आहे. ‘मंक’च्या वाट्याला येणारी सृष्टी अधिक सुसह्य असली, तरी ती त्याच्यासाठी रचलेली नसते. तेथेही सरडे आपल्याच भुकेने हिंडतात आणि पाऊस कोणाची वाट पाहत नाही. क्लेश हे उदासीनता प्रतीत करून देण्याचे साधन आहे; ज्याला ती कमी क्लेशात प्रतीत होते, त्याचा आस्वाद उणा मानण्याचे कारण नाही.

सारांश, दुष्कर खेळाच्या आनंदाची मीमांसा केवळ पराक्रमाच्या परिभाषेत करणे पुरेसे नाही. श्रमाला फळ मिळते म्हणून काही खेळ प्रिय होतात. श्रम आणि फळ यांचा हिशेब जगाने कधी मांडलेलाच नाही, हे निर्विषपणे अनुभवावयास मिळते म्हणून ‘रेन वर्ल्ड’ प्रिय होतो. पाऊस ओसरल्यावर निवाऱ्याचे दार उघडते आणि भुकेला जीव पुन्हा बाहेर पडतो. त्या क्षणी त्याला यशाची खात्री नसते. पण आदल्या आवर्तनापेक्षा तो भोवतालच्या जीवांकडे अधिक नीट पाहत असतो. रसचर्चेने या नव्या कलाप्रकाराची दखल घ्यावी, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.