देवाला थांबवणारी माणसं

पुंडलिकाची गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे, की तिच्यातला उर्मटपणा आता टोचत नाही. देव दारात उभा आहे आणि हा आईबापांचे पाय चेपता चेपता एक वीट भिरकावतो. म्हणतो, त्यावर उभा राहा, माझं काम आटपू दे. आणि देव ऐकतो.

यहुदी परंपरेतही देवाला असंच थांबवणारा एक माणूस आहे. 'उत्पत्ती'च्या अठराव्या अध्यायात देव अब्राहामाला भर दुपारी तंबूच्या दाराशी दर्शन देतो. अब्राहाम वर बघतो तर समोर तीन वाटसरू. तो उठून त्यांच्याकडे धावतो, पाय धुवायला पाणी मागवतो, भाकरी भाजायला सांगतो, वासरू निवडायला स्वतः गोठ्याकडे पळतो. दर्शन द्यायला आलेल्या देवाचं काय झालं, हे मूळ मजकूर सांगत नाही. 'जाऊ नका' हे अब्राहामाचे शब्द वाटसरूंना उद्देशून आहेत की देवाला, तेही संदिग्ध आहे. तालमूदमधल्या रब्बींनी या संदिग्धतेचा फायदा घेतला. त्यातल्या एका वाचनानुसार तो देवालाच थांबायला सांगतोय. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की पाहुण्याचं आतिथ्य हे देवाच्या सान्निध्याचा लाभ घेण्याहून मोठं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की 'जनसेवा हीच ईश्वरसेवा' असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. ते वाक्य आपल्याकडे दवाखान्यापासून पतपेढीपर्यंत कुठल्याही भिंतीवर सापडतं. माझं भांडण त्या वाक्याशी आहे, कारण ते दोन्ही गोष्टी चुकीच्या वाचतं. 'हीच' म्हटलं की देव आणि माणूस यांच्यातला फरकच पुसला जातो. पण या गोष्टींचा जीवच त्या फरकात आहे. दाराशी देव आहे आणि माणूसही आहे, दोघे वेगळे आहेत, आणि आधी कोणाकडे जायचं हे ठरवावं लागतं.

शिवाय दोघे ज्यांच्यासाठी देवाला थांबवतात ते सारखे नाहीत. पुंडलिकाच्या घरात त्याचे आईबाप आहेत. अब्राहामासमोर ज्यांचं नाव-गाव माहीत नाही असे तिघे आहेत. ते देवदूत असल्याचं वाचकाला पुढे कळतं, पण पाणी मागवताना अब्राहामाच्या लेखी ते उन्हातून आलेले वाटसरू आहेत. आपल्याकडे अब्राहामाच्या सगळ्यात जवळचा मला एकनाथ वाटतो. रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतली गंगा तहानेल्या गाढवाला पाजणारा.

तिसरा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुंडलिकाची गोष्ट विटेवर थांबते. पुढचं सगळं देवाचं. आईबापांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. अब्राहामाचा अध्याय मात्र पाहुणचारानंतर सुरूच राहतो. जेवून वाटसरू सदोमच्या दिशेने निघतात, आणि देव अब्राहामाला सांगतो की ते शहर आता नष्ट होऊ शकतं. अब्राहाम देवासमोर उभा राहून घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? असं करत दहापर्यंत उतरतो. सदोमचे लोक चांगले आहेत असा त्याचा दावा नाही. न्याय करणाऱ्यानेच अन्याय कसा करायचा, एवढाच त्याचा सवाल आहे.

परक्यावर प्रेम करून माणूस देवाच्या जवळ जातो म्हणजे नेमकं काय होतं, याचं उत्तर मला इथे दिसतं. अब्राहामाला समाधी लागत नाही, शांतीही लाभत नाही. त्याला देवाशी वाद घालायचा अधिकार मिळतो, आणि तोही स्वतःसाठी नाही. आपल्या संतांनीही विठोबाशी कमी भांडणं केलेली नाहीत, पण त्यातली पुष्कळशी भेटीसाठीची आहेत. अब्राहामाला भेट आधीच मिळाली आहे. तो ती दुसऱ्यांसाठी खर्च करतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. माणसांवर प्रेम करायचं ते देवापर्यंत पोचायला, तर माणूस नुसती शिडी झाला. मार्टिन बुबर यांनी याची दुसरी बाजू स्वतःच्या आयुष्यातून सांगितली आहे. धार्मिक तंद्रीत गेलेल्या एका सकाळनंतर एक अनोळखी तरुण त्यांना भेटायला आला. ते त्याच्याशी नीट, मोकळेपणाने बोलले, पण मनाने तिथे नव्हते. त्याने न विचारलेला प्रश्न किती निकराचा होता हे त्यांना नंतर कळलं, तेव्हा तो तरुण जिवंत नव्हता. त्यानंतर त्या तंद्रीचा धर्म आपण सोडला, असं ते लिहितात. बुबर यांची सकाळ म्हणजे अब्राहामाची दुपार उलटी केलेली: देवापाशी रमलेला माणूस, आणि दारात वाटसरू.

भावनेवर विसंबलं तर असं होणारच, हे ओळखून असल्यासारखा 'लेवीय'चा एकोणिसावा अध्याय रचलेला आहे. शेजाऱ्यावरच्या प्रेमाची प्रसिद्ध आज्ञा इथलीच. पण ती सुटी वाचली की गुळगुळीत होते. तिच्या आजूबाजूला काय आहे पाहा. शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं धान्य वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. मापात मारू नका. आणि मधून मधून, शिक्का मारावा तसं, मी परमेश्वर आहे.

माझं गाव कामथडी, भोर तालुक्यात, पुणे-सातारा महामार्गालगत. आमच्या भागात भाताची कापणी झाली की शेतात पडलेल्या लोंब्यांना सरवा म्हणतात. हा अध्याय वाचताना तोच शब्द मनात येतो. सरव्यात देणारा कोणी दिसत नाही, आभार मानावे लागत नाहीत. वेचणारा आपल्या हक्काचं वेचतो. दानापेक्षा हे अवघड आहे, कारण देणाऱ्याला मिरवायला काहीच उरत नाही. माणसाची शिडी करायला जागाच राहत नाही.

मराठीत आपण प्रेम कोणा'वर' करतो. हिब्रूत देवावर प्रेम करायला सांगताना थेट कर्माचा प्रत्यय येतो, पण शेजाऱ्याच्या आज्ञेत 'ले' येतो, आपल्या चतुर्थीसारखा: शेजाऱ्याला, शेजाऱ्यासाठी. तेराव्या शतकातले भाष्यकार नाख्मानिदिस यांनी हा फरक हेरला. दुसऱ्यावर अगदी स्वतःइतकं प्रेम करणं माणसाच्या मनाला झेपत नाही, म्हणून आज्ञा आहे ती त्याचं भलं स्वतःच्या भल्यासारखं इच्छिण्याची. मला ही सूट वाटत नाही. उलट, 'मला त्याच्याबद्दल काही वाटत नाही' ही पळवाट त्यामुळे बंद होते.

सोळा ओळींनंतर तोच प्रत्यय, तेच क्रियापद 'गेर'साठी येतं. त्याला मराठीत 'उपरा'हून नेमका शब्द नाही. लक्ष्मण माने यांच्या १९८०च्या आत्मकथनानंतर तो शब्द आपल्याकडे नुसता शब्दकोशातला राहिलेला नाही. कारण दिलं आहे ते एकच: तुम्हीही मिसरात उपरे होता. उपऱ्याला त्रास देऊ नका, असं तोरा छत्तीस वेळा बजावते, काहींच्या मते सेहेचाळीस, अशी मोजदाद तालमूदमध्ये आहे. जी गोष्ट सहज जमते ती इतक्यांदा सांगावी लागत नाही.

या परंपरेला मराठी परकी नाही. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. दिवेकर, केहिमकर, राजपूरकर: आडनावं गावांची. १८८०च्या दशकात मुंबईत त्यांनी कीर्तनाचा प्रकार उचलला आणि आपल्या धर्मग्रंथातली आख्यानं मराठी पदांत, टाळ-झांजांच्या साथीने सांगितली. अब्राहाम आणि पुंडलिक एकाच भाषेत, एकाच चालीत उभे राहू शकतील अशी ती जागा होती.

१९४८नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्राएलला गेले. तिथे १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या विवाहांसाठी पूर्वजांच्या चौकशीचे नियम काढले: तुम्ही खरे यहुदी कशावरून? कोकणात ज्यांना गावाचं आडनाव मिळालं होतं, ते स्वतःच्या घरात उपरे ठरले. त्यांनी निदर्शनं केली, प्रश्न संसदेत गेला आणि १९६४ साली ते नियम बदलावे लागले. ज्यांच्याकडे छत्तीस वेळा सांगणारा ग्रंथ होता, तेच दाराशी आलेल्यांचे दाखले तपासत होते. यावरून ग्रंथ खोटा ठरत नाही. छत्तीस वेळा का सांगावं लागलं ते कळतं. आणि त्या निदर्शकांनीही केलं ते अब्राहामाचंच काम: धर्माच्या नावाने बोलणाऱ्यांना धर्मातलाच न्याय विचारला.

महामार्गामुळे आमच्या भागातही वाटसरू थांबू लागले आहेत. खेड शिवापूर-शिरवळच्या कारखान्यांत कामाला आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी माणसं. त्यांना आम्ही 'बाहेरचे' म्हणतो. काकड आरतीला वेळेवर उठणाऱ्या गावात त्यांची मजुरी वेळेवर मिळते का, हे विचारायची पद्धत नाही. अब्राहामाची गोष्ट मराठीत सांगायची तर मी ती याच प्रश्नापासून सुरू करीन, आणि तेवढा वेळ विठोबाने थांबायला त्याची हरकत नसावी. त्याला सवय आहे.