नंदनाचा ‘उद्या’

तंजावरचे नाव निघाले की आपल्या मंडळींस सर्फोजी राजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळातील मराठी शिलालेख आठवतात. हा अभिमान यथार्थच आहे. परंतु नोकरीनिमित्त या प्रांती आलेल्या मराठी माणसाने गोपालकृष्ण भारती या तमिळ गीतकाराची ओळख करून घेतल्यावाचून येथून बदलून जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

भारतींचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नागपट्टणजवळील नरिमणम् या गावी झाला. ते आजन्म अविवाहित राहिले, आणि मुडिकोंडान, आनंदतांडवपुरम्, मायवरम् अशा कावेरीकाठच्या गावीच त्यांचे आयुष्य गेले. १७९८ मध्ये तंजावरची गादी गेल्यावर अमरसिंह राजे भोसले तिरुविडैमरुदूरास राहावयास गेले होते. तेथील दरबाराच्या आश्रयाने नांदणाऱ्या संगीताचा लाभ भारतींस झाला. रामदास नामक गवयाकडून ते हिंदुस्थानी पद्धतीही शिकले. पदे स्वतः रचावी, स्वतः गावी आणि ती नांगरामागच्या माणसासही कळावी, ही त्यांची रीत. मायवरमचे महापंडित मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांस त्यांच्या भाषेतील व्याकरणदोष खुपत. परंतु शेतगड्याच्या तोंडी पंडिती भाषा घातली असती, तर ‘नंदनार चरित्रा’तील पदे पोथीबाहेर आली नसती.

भारतींचे खरे कर्तृत्व मात्र कथेच्या मांडणीत आहे. बाराव्या शतकातील सेक्किळार यांच्या ‘पेरिय पुराणा’त अस्पृश्य जातीत जन्मलेल्या नंदनास चिदंबरमच्या दर्शनाची ओढ लागते, पण आपल्या जन्माचा विचार येऊन तो थबकतो आणि ‘उद्या जाईन’ म्हणतो. यावरूनच त्याचे नाव पडले तिरुनाळैप्पोवार, म्हणजे उद्या जाणारा. भारतींनी या कथेत वेदियर हा ब्राह्मण जमीनदार नव्याने आणला. आता नंदन रजा मागतो आणि मालक शेतीची कामे पुढे करून ती नाकारतो. अखेर चाळीस वेलि, म्हणजे अडीचशेहून अधिक एकर, जमिनीचे काम पुरे करून मग जा, अशी अट घालतो. पुराणातला ‘उद्या’ भक्ताच्या संकोचातून उपजला होता. भारतींनी त्याचे मूळ शेतमालकाच्या सत्तेत दाखविले. रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या आम्हां कारकुनांस हे मर्म चटकन उमगावे. स्वतः ब्राह्मण असलेल्या कवीने, ब्राह्मण जमीनदारांच्याच मुलखात, हे गाऊन दाखविले हे विशेष.

शेवटी मात्र भारती पुराणाच्या वाटेनेच जातात. ईश्वरकृपेने एका रात्रीत पीक उभे राहते, मालक नंदनाच्या पायी लोळण घेतो आणि नंदन अग्नीतून शुद्ध होऊन मंदिरात शिरतो. ज्याने अन्याय सोसला त्यानेच अग्निदिव्य करावे, हा शेवट आम्हांस पटत नाही. आपल्या चोखोबांनी आपले दुःख स्वतःच्या अभंगांत सांगितले. नंदनाचे दुःख दुसऱ्याने गायिले, आणि ते ऐकून सद्गदित झालेल्या श्रोत्यांस स्वतः काही सोडावे लागले नाही. १९३५ च्या बोलपटात के. बी. सुंदराम्बाळ यांनी, तर १९४२ च्या बोलपटात दंडपाणि देशिकर यांनी नंदन उभा केला. ही कथा घरोघर पोहोचली.

१९३९ मध्ये भोसले घराण्याच्या व्यवस्थेखालील बृहदीश्वराचे मंदिर हरिजनांस खुले झाले. देवळाचा ‘उद्या’ असा उजाडला. शेताचा उजाडला नव्हता. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणि गावी, मजुरीच्या तंट्यातून ४४ दलित माणसे, बायकामुलांसह, एका झोपडीत जाळली गेली. या अग्नीतून कोणी शुद्ध होऊन बाहेर आले नाही.

म्हणून ‘नंदनार चरित्र’ ऐकताना चिदंबरमच्या शेवटच्या पदांवर डोळे पुसून उठू नये. वेदियराच्या दारातील पदे पुन्हा ऐकावी. नंदनाची वाट कोणी अडविली, हे भारतींनी तेथेच सांगून ठेविले आहे.