डाल्याखालची हाक

तेरणा साखर कारखान्यामुळं सगळ्यांना ठाऊक असलेल्या ढोकीत दिवस मावळताना शेरडं रानातून परततात. दिवसभर डाल्याखाली झाकलेली करडं तेव्हा एकदम ओरडू लागतात. त्या गलक्यात एखादी काळी उस्मानाबादी शेळी वळणावरच थबकते, कान टवकारते आणि कळप सोडून थेट एका डाल्याकडं धाव घेते. चहूकडं दहा करडं बेंबटत असतात. तिनं त्यातलं आपलं तेवढं ऐकलेलं असतं.

ही हाक मी एखाद्या ओवीसारखी पुन्हा पुन्हा ऐकतो. तिचे चरण दोनच. पहिला करडाचा, तोंड उघडून, वरच्या पट्टीत, कापऱ्या आवाजात. अक्षर एकच, 'बें', पण मी कोण, कुठं आहे आणि भूक किती लागलीय, हे सगळं त्यात आलं. दुसरा चरण आईचा आणि खरी गोडी त्यातच. लांब असेतोवर तीही तोंड वासून ओरडते. डाल्यापाशी आली की तोंड मिटतं, आवाज खाली उतरतो आणि नाकाघशातून नुसता घुमतो. शेजारच्या शेळीला तो ऐकू जायची गरजच नसते.

डालं उचललं की आवाज थांबतो. करडू कासेला ढुशी देतं, शेपूट थरथरवतं; आई मान वळवून शेपटीखालचा वास घेते. दुरून कानानं ओळखलेलं जवळून नाकानं पक्कं करते. वास परका निघाला तर डोक्यानं ढकलून देते. हा वास तिनं व्याल्यावर पहिल्या काही मिनिटांत, करडू चाटता चाटता, मनात धरलेला असतो. दुधावर वाढणाऱ्या जिवांची बोली अशी दुधाभोवतीच जमते. उस्मानाबादीला जुळी होणं नेहमीचंच, तेव्हा या आईला आवाजही दोन आणि वासही दोन सांभाळायचे.

करडू बाजारात गेलं की शेळी दोन-तीन दिवस ओरडते, मग विसरते, असं आपण सर्रास म्हणतो. हे खरं नाही. 2012 मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या एलोडी ब्रिफर, अ‍ॅलन मॅकएलिगॉट आणि सहकाऱ्यांनी करडांचे ध्वनिमुद्रित आवाज, दूध तुटल्यावर 7 ते 13 महिन्यांनी, त्यांच्या आयांना ऐकवले. कळपातल्या दुसऱ्या करडांच्या आवाजापेक्षा आपल्या करडाच्या आवाजाला त्यांनी जास्त साद दिली. करडं तोवर मोठी झाली होती, पण त्यांचा लहानपणचा आवाज आईपाशी तसाच होता. हे वाचल्यापासून बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची ती हाक मला निराळीच ऐकू येते.

सांजेला कधी ढोकीत असलात, तर कळप परतताना घटकाभर थांबा. डालं उचलायची घाई करू नका. आधी आईला बोलू द्या.