चित्रातला धोबी आणि नदीवरचा धोबी

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नववीच्या मुलांना घेऊन आम्ही कवडीला गेलो होतो. पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यालगत, मुळा-मुठेवर एक जुना बंधारा आहे. पाणी काळसर, वास नकोसा, बंधाऱ्याखाली फेस. पण या घाणीवर माश्या आणि किडे पोसतात आणि किड्यांवर पक्षी, त्यामुळे हिवाळ्यात ही जागा गजबजलेली असते. मुलांना काम एकच दिले होते. एक पक्षी निवडायचा, दहा मिनिटे त्याच्यावरून नजर काढायची नाही, आणि दिसेल ते लिहायचे.

एका मुलीने पिवळा धोबी निवडला. तिने लिहिले, ‘पोट पिवळे, पण सगळीकडे नाही. छातीवर पिवळ्याचे तुकडे, मध्ये मळकट पांढरे. डोके एका बाजूने करडे, एका बाजूने निळसर. भिंतीचा रंग अर्धा लावून झाल्यासारखे.’ आम्ही पुस्तक उघडले. पुस्तकात असा धोबी नव्हता. वहीवर आम्ही लाल शाईने लिहिले, ‘नीट पाहून पुन्हा लिही.’

तीन आठवड्यांनी तिथेच दुर्बीण लावून बसलो तेव्हा तसलेच सात-आठ धोबी समोर चालत होते. कुणाचे डोके निम्मे निळे, कुणाचे जवळजवळ पूर्ण. मुलीने बरोबर पाहिले होते, आम्ही बरोबर वाचले नव्हते. पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांचे हे परीक्षण त्या लाल शाईमुळे लिहावेसे वाटले. ही पुस्तके बहुतेक शाळांच्या कपाटात एखाद-दुसरी असतात, आणि त्यांची खरी परीक्षा माघ-फाल्गुनात होते.

असे का, ते आधी पाहू. पिवळा धोबी आपल्याकडे पाहुणा. हिवाळ्यात तो मळकट असतो. उत्तरेकडे विणीला जाण्यापूर्वी, साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, तो डोक्याची आणि अंगाची पिसे टाकून नवी घेतो. पंखांची मोठी पिसे तो या वेळी बदलत नाही, कारण पुढचा प्रवास त्यांच्यावरच करायचा असतो. अंगावरची सगळी पिसे एका दिवशी बदलत नाहीत, म्हणून मधले काही आठवडे पक्षी अर्धा जुना आणि अर्धा नवा दिसतो. करड्या धोब्याच्या नराचा गळा याच सुमारास पांढऱ्याचा काळा होऊ लागतो. उजनीच्या पाण्यावर कुरव पक्ष्यांची हिवाळ्यात पांढरी असलेली डोकी मार्चमध्ये डागाडागाने तपकिरी होत जातात.

दुसरी रीत याहून गमतीची आहे. काही पक्षी वसंतात एकही नवे पीस न घेता रंग बदलतात. माळावर काटेरी झुडपाच्या शेंड्यावर बसणारा गप्पीदास घ्या. शरद ऋतूत त्याला जी नवी पिसे येतात त्यांचा मूळ भाग काळा, पण टोके फिकट तपकिरी असतात. टोकांखाली काळा रंग झाकलेला राहतो. हिवाळाभर ही टोके झिजतात, आणि फाल्गुनापर्यंत डोके काळे दिसू लागते. रंग नवा आलेला नसतो, तो उघडा पडलेला असतो. पळसमैनेचेही, म्हणजे भोरडीचेही, असेच. हिवाळ्यात मळकट वाटणारे तिचे थवे फुललेल्या पळस-पांगाऱ्यावर दिसू लागतात तेव्हा त्यांतले काही पक्षी गुलाबी आणि चकचकीत काळे झालेले असतात. हा प्रकार पाहायला माळावरही जायला नको. शाळेच्या आवारातल्या चिमणीच्या नराचा गळा डिसेंबरात राखट असतो आणि मार्चमध्ये काळाभोर होतो तो याच झिजण्याने. त्याची चोच काळी होते ती मात्र झिजून नव्हे, शरीरातल्या संप्रेरकांमुळे. एकाच पक्ष्यात दोन वेगळी कारणे, आणि दोन्ही वर्गाच्या खिडकीतून दिसणारी!

आता पुस्तकांकडे वळू. डॉ. सालिम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ साली निघाले. पहिल्या आवृत्तीत १८१ जातींची रंगीत चित्रे होती. १९९६ च्या बाराव्या आवृत्तीत जाती ५३८ झाल्या. एवढी वर्षे टिकलेल्या पुस्तकात काहीतरी पक्के असणार, आणि ते आहेच. त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे आकाराची मोजपट्टी. पक्षी किती इंचांचा हे लांबून कुणालाच कळत नाही. म्हणून चिमणी, बुलबुल, साळुंकी, पारवा, कावळा, घार असे सर्वांच्या परिचयाचे पक्षी घेऊन ‘बुलबुलापेक्षा थोडा लहान’, ‘साळुंकीएवढा’ असे सांगितले आहे. खेड्यातल्या मुलाला ही मोजपट्टी शिकवावी लागत नाही, ती त्याच्याजवळ असतेच.

याच पुस्तकाचे दुसरे साधन म्हणजे रंगावरून आणि ठळक खुणांवरून पक्षी शोधण्याची यादी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते दगा देते. रंग हीच तर या दिवसांत बदलती गोष्ट! ‘पिवळा’ म्हणून शोधावे तर समोरचा पक्षी अजून पुरता पिवळा झालेला नसतो. ‘काळा’ म्हणून शोधावे तर काळा रंग अजून झाकलेला असतो. नवशिका नेमका रंगालाच आधी धरतो, कारण रंग डोळ्यांत भरतो. म्हणजे पुस्तकाचा सर्वांत सोपा दरवाजा या ऋतूत बंद असतो, आणि तसे दारावर लिहिलेले नसते. त्यात जुन्या आवृत्त्यांत बहुतेक जातींना एकच चित्र, तेही पुष्कळदा नराचे आणि पूर्ण पिसाऱ्यातले. त्या काळी रंगीत छपाई महाग होती हे मान्य. पण वापरणाऱ्या मुलाला छपाईचा इतिहास ठाऊक नसतो. त्याला एवढेच दिसते की पुस्तकात आहे तो खरा, आपल्या समोरचा खोटा.

मजकुराचे मात्र तसे नाही. सालिम अलींचा मजकूर चालता-बोलता आहे. पक्षी काय खातो, कसा चालतो, कशावर बसतो, घाबरला की काय करतो, हे सारे थोडक्या वाक्यांत येते. शेपटी सतत खालीवर करणारा, पाण्याच्या काठाने तुरुतुरु धावणारा पक्षी धोबीच असणार, त्याचे डोके कोणत्याही रंगाचे असो. तेव्हा आमच्या हातून झालेली चूक पुस्तकाची निम्मी आणि आमची निम्मी. चित्राशी ताडून पाहण्यापूर्वी मजकूर वाचला असता तर लाल शाई लागली नसती.

१९९८ नंतर चित्र पालटले. ग्रिमेट आणि दोघे इन्स्किप यांचे भारतीय उपखंडावरचे पुस्तक निघाले, आणि पुढच्याच वर्षी त्याची खिशात मावेल अशी आवृत्ती आली. २००५ साली रासमुसेन आणि अँडरटन यांचे दोन खंडांचे पुस्तक आले. त्यात पक्ष्यांच्या आवाजांचे आलेखही आहेत. नर, मादी, पिल्लू, हिवाळी पिसे, विणीची पिसे, असा एकेका जातीचा परिवारच आता चित्रांत दिसू लागला. ही प्रगती खरी आहे. पिवळ्या धोब्याच्या वेगवेगळ्या डोक्यांच्या उपजाती एका पानावर पाहिल्या तेव्हा आमचाही पुष्कळ गोंधळ मिटला. पण खिशातल्या आवृत्तीत जागा वाचवण्यासाठी मजकूर तारेच्या भाषेत आला. चालणे, धावणे, घाबरणे उडाले. पट्टे, भुवया, पंखांवरच्या रेषा उरल्या. चित्रे वाढली तरी ती दोन टोकांचीच राहिली, हिवाळी आणि विणीची. मधला अर्धवट रंगलेला पक्षी, म्हणजे आपल्या मुलांना खरोखर दिसणारा पक्षी, बहुतेक वेळा दोन चित्रांमधल्या कोऱ्या जागेतच असतो.

आता मोबाइलला फोटो दाखवला की नाव सांगणारी साधनेही आली आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ हे त्यांतले प्रसिद्ध. अर्धवट पिसांच्या पक्ष्यालाही ते पुष्कळदा बरोबर ओळखते, हे आम्ही करून पाहिले आहे. आमची तक्रार वेगळीच आहे. नाव मिळाले की मुलगा पक्ष्याकडे पाहणे थांबवतो. त्या मुलीच्या हातात फोन असता तर ‘पिवळा धोबी’ असे दोन शब्द वहीत आले असते, भिंतीचा अर्धा रंग आला नसता.

दुसरा आक्षेप ऋतूबद्दलचा आहे, आणि तो पक्षिपुस्तकांपेक्षा आपल्या धड्यांना अधिक लागू पडतो. वसंत आला की पक्षी परततात, घरटी बांधतात, हे चित्र युरोपातून आलेले आहे. तिकडे वसंत म्हणजे आगमन; दख्खनच्या पठारावर तो बराचसा पाठवणीचा काळ. वसंतपंचमी माघात येते, आणि त्याच सुमारास उजनीवरचे पट्टकादंब आवराआवर करू लागतात. माळावरचे भोवत्ये मार्च-एप्रिलपर्यंत निघून जातात. पळसमैना एप्रिलच्या मध्यापर्यंत मध्य आशियाच्या वाटेला लागते. ज्यांना आपण इथे ‘वसंताच्या रंगात’ पाहतो त्यांतल्या पुष्कळांचा वसंत इथे साजरा व्हायचाच नसतो. ते इथे फक्त कपडे बदलतात.

मग इथे राहणाऱ्यांचे काय? पुस्तके विणीचा हंगाम म्हणून काही महिने देतात, पण ते साऱ्या देशाला मिळून दिलेले असल्याने त्यांचा पट्टा फार लांब होतो. शिक्षकाला हवे असते ते आपल्या तालुक्याचे. दिवेघाट चढून सासवडकडच्या माळावर फेब्रुवारीत गेले तर गवत वाळून जमिनीला टेकलेले असते, ढेकळे उघडी पडलेली असतात. कुणालाही वाटेल, आता इथे काय असणार? तिथेच डोंबारी पक्ष्याचा नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीवर आपटणार असे वाटत असतानाच सावरून पुन्हा वर जातो. बहुतेक प्राणी पाठीकडून गडद आणि पोटाकडून फिके असतात. हा उलटा. पाठ मातीच्या रंगाची आणि पोट काळे. ढेकळांत बसला की सापडत नाही, आकाशात चढला की काळा ठिपका लांबूनही दिसतो. पुस्तकातले चित्र त्याला बसलेला दाखवते. त्याचे मराठी नाव त्याला कोलांट्या मारताना दाखवते. नाव ठेवणाऱ्याने हा पक्षी उडताना पाहिला होता, एवढे नक्की.

नदीवरही तसेच. पाणी उतरू लागले की वाळूचे आणि गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. नदी सुरय, पाणभिंगरी, छोटी चिखली हे पक्षी अशा उघड्या जागेवरच अंडी घालतात. घरटे म्हणजे जेमतेम एक खळगा. त्यांचा हंगाम पानाफुलांवर नव्हे, पाण्याच्या पातळीवर ठरतो. आणि तोच काळ वाळूउपशाच्या ट्रॅक्टरचा, गुरांचा, उन्हाळी पिकासाठी बसवलेल्या मोटारींचा. मुलांना नदीत उतरवताना शिक्षकाने हे आधी सांगायला हवे. कारण ‘अंडी दिसली!’ असे ओरडत धावणारी मुलेच कधी कधी त्या अंड्यांवर पाय देतात. आमच्यावर तशी वेळ एकदा थोडक्यात टळली आहे.

नदीवर बारमाही राहणारा मोठा काळा-पांढरा धोबी याच दिवसांत खडकावर बसून गातो. पुष्कळांना तो दयाळ वाटतो. दोघेही काळे-पांढरे, दोघांची शीळ गोड. पण दयाळ शेपटी वर उभारतो, धोबी ती हलवत राहतो. धोब्याची पांढरी भुवई दयाळाला नसते. हा फरक चित्रावरून सांगण्यापेक्षा दोघांना एकाच सकाळी दाखवला तर मुले विसरत नाहीत.

फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षिगणना असते. उत्तर अमेरिकेत ती १९९८ साली सुरू झाली आणि २०१३ पासून जगभर होते. भारतातल्या शाळा-महाविद्यालयांतही त्याच दिवसांत आवारातले पक्षी मोजतात. किमान पंधरा मिनिटे एका जागी पाहून यादी द्यायची, एवढीच अट. अशा असंख्य याद्यांच्या आधारे २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालात ९४२ जातींची स्थिती तपासली गेली; तेव्हा यादीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण यादीत रकाना असतो तो जातीचा आणि संख्येचा. ‘डोके अर्धे निळे’ याला त्यात जागा नसते, फार तर शेऱ्यात. शिक्षकांनी यादी जरूर पाठवावी, आणि वर्गाच्या वहीत एक जादा रकाना आखावा. तोच पक्षी, तीच जागा, दर पंधरा दिवसांनी. डोके, गळा, छाती वेगवेगळी लिहायची. चिमणीवरही हे करता येते, आणि नदी जवळ नसलेल्या शाळांनी चिमणीच घ्यावी.

पुस्तक घ्यायचेच असेल आणि पैसे एकाचेच असतील, तर आम्ही अजूनही सालिम अलींचे घ्या म्हणू. चित्रांसाठी नव्हे, मजकुरासाठी. शक्य असेल तर खिशातले दुसरे पुस्तक शिक्षकाने स्वतःजवळ ठेवावे आणि मुलांचे लिहून झाल्यावरच बाहेर काढावे. हा क्रम उलटला की काय होते ते वर आलेच आहे.

त्या मुलीच्या वहीतली लाल ओळ आम्ही खोडली आणि खाली सही केली. तिने पुढच्या नोंदीही ठेवल्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ‘डोके पूर्ण निळे, छातीवर एक पांढरा तुकडा शिल्लक’. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ‘सगळे पिवळे, आता पुस्तकासारखा’. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ‘पिवळा धोबी एकही नाही. काळा-पांढरा मोठा धोबी चोचीत किडे घेऊन बंधाऱ्याच्या भोकात तीनदा गेला.’